बॉनेटवरची भाकरी

पिराजीला गाडी मी शिकवली. हे आधी लिहून ठेवतो, कारण पेठेत आता पाच-सहा जण सांगत फिरत्यात की आम्ही शिकवली. कुणी न्हाय शिकवली. मी शिकवली. मी बाळासो, त्येचा थोरला भाऊ. गगनबावड्याच्या घाटात, आमच्या जुन्या मेटॅडोरवर, हाताला हात दिसत न्हवता असल्या धुक्यात. तवा त्यो सतरा वर्साचा हुता. मी म्हटलं, "डोळ्यानं न्हाय, कानानं चालीव." तशी त्येनं चालीवली. तवापासनं ह्या माणसाच्या हातनं गाडीला ओरखडा आला न्हाय. फौजेत सतरा वर्सं, दिल्लीत सा वर्सं, परदेशात तीन. एक ओरखडा न्हाय. आणि त्येला घरी कशापायी धाडलं? तर एका म्हाताऱ्या बाईला जेवायला बोलीवलं म्हणून.

हे मी इतक्या जणांस्नी सांगितलंय की आता माझंच तोंड दुखाय लागलंय. मंगळवार पेठेत माझं गाड्यांची सीटकव्हरं शिवायचं दुकान हाय. गिऱ्हाईक माप द्यायच्या आधी इचारतंय, "तुमचाच भाऊ न्हवं का त्यो?" की मग परत पैल्यापासनं. दमलो आता. म्हणून एकदाच लिहून काढतोय. मी नववीपातूर शिकलोय. नापास झालो न्हाय, शाळा सोडली, त्यात फरक हाय. बा गेला तवा दुकानात कुणीतरी बसाय पायजे हुतं. मी बसलो, म्हणून पिराजी दहावी झाला. हेबी लिहून ठेवतो.

पिराजी कमी बोलणारा. आमच्या घरातलं बोलणं सगळं माझ्या वाट्याला आलं, त्येच्या वाट्याला ऐकणं. पोरगी बघायला गेलतो तवा पोरीच्या बापानं हळूच मला इचारलं, "पोराला बोलता येतंय न्हवं पावणं?" मी म्हटलं, "येतंय की. पण मी असताना त्येला गरज पडत न्हाय." आतनं पोरगी फिस्सकन हसली. ती अनुजा. आज ती आमच्याच घरात हाय, आणि माझ्या बोलण्यावर तशीच हसत्या, फक्त आता त्यात थोडं तिखट असतंय.

फौजेतनं सुटल्यावर पिराजी दिल्लीत सरकारी गाडीवर लागला, करारावर. तिथनं त्येला परदेशात आपल्या एम्बसीत धाडलं, ड्रायव्हर म्हणून. देशाचं नाव मी लिहिणार न्हाय. पिराजीनंच सांगितलंय, "दादा, लिव्हायचंच असंल तर नाव घालू नको, तिथं माणसं हाईत अजून." एवढंच सांगतो की लई थंड देश हाय, आणि तिथलं सरकार तिथल्याच माणसांस्नी भितंय.

तिथं एक मास्तर हुता, शाळेत भूगोल शिकवायचा. त्येचं नाव आमच्या जिभेवर बसत न्हाय, पिराजी मास्तरच म्हणायचा. त्या देशात एक धरण फुटलं, खालची गावं वाहून गेली. सरकार म्हणालं, चाळीस माणसं मेली. मास्तर सायकल घेऊन गावोगाव फिरला आणि मेलेल्यांची नावं लिहून आणली. अकराशेच्या वर भरली. ती त्येनं छापली. आम्हा कोल्हापूरच्या माणसांस्नी पुराचं कुणी सांगाय नको. पाणी उतरलं की पैलं हेच इचारत्यात, कोण कोण ऱ्हायलं? मास्तरनं तेवढंच इचारलं हुतं. त्येच्यावर देशद्रोहाचा खटला घातला.

खटला सुरू झाला तशी बाकीच्या देशांच्या एम्बसीतली माणसं कोर्टापुढं येऊन उभी ऱ्हायाय लागली. आत कुणाला सोडत न्हवते. भाईर बर्फात उभं ऱ्हायचं, कॅमेऱ्यापुढं दोन शब्द बोलायचं, जायचं. म्हंजे त्या सरकारला कळावं की जग बघतंय. आपल्या सरकारची मात्र पंचाईत. त्या देशाशी आपलं बरं चाललेलं, तिथनं खत येतंय, तेल येतंय. जावं तर ते रागावणार, न जावं तर बाकीचे नावं ठेवणार. मग दिल्लीत प्रवक्ता टीव्हीवर येऊन म्हणाला, "भारत या घडामोडींवर बारकाईनं लक्ष ठेवून आहे." मी सोता ऐकलं.

आता हे लक्ष ठेवायचं म्हंजे काय करायचं, हे मला पिराजीकडनं कळलं. एक गाडी धाडायची. झेंडा काढलेली. कोर्टाच्या दारापासनं एकशेवीस पावलांवर झाडाखाली उभी करायची. पैल्या दोन तारखांना आत एक धाकटा साहेब बसायचा, पण उतरायचा न्हाय. तिसऱ्या तारखेपासनं साहेब बंद झाला, नुसती गाडी जायाय लागली. कुणाशी बोलायचं न्हाय, काच खाली करायची न्हाय. कोण आलं, किती वाजता गेलं, तेवढं वहीत लिहायचं.

मी दुसऱ्या दिवशी आकारामच्या चहाच्या गाड्यावर सगळ्यांपुढं सांगितलं, "सरकार लक्ष ठेवून हाय म्हणत्यात, ते कोण ठेवतंय म्हाईत हाय का? आमचा पिराजी!"

आकाराम चहा गाळत म्हणाला, "मग पिराजीला एक डुलकी लागली की भारताचं धोरण झोपलं म्हणायचं."

सगळी हसली. मी न्हाय हसलो. मी म्हटलं, "आकाराम, तुझ्या घराण्यात कोण एसटीच्या पुढं गेलंय का?"

"न्हाय बा. आमचं लक्ष फकस्त दुधावर. ऊतू जायाय लागलंय, सरक."

आठवड्यातनं एकदा पिराजीचा फोन यायचा, दुपारचा. एकदा म्हणाला, "दादा, मास्तरची थोरली भण येत्या दर तारखेला. एकाहत्तरची हाय, एम्बसीतली सांगत्यात."

"तिला आत सोडत न्हाईत?"

"न्हाय. नातेवाईकास्नीबी न्हाय. गाडीच्या पुढंच उभी ऱ्हात्या, दाराकडं तोंड करून. सकाळी नवाला येत्या, कोर्ट उठल्यावर जात्या."

"बसाय कायतरी असंल की."

"न्हाय." मग म्हणाला, "दोन तारखा झाल्या, डबा तसाच परत नेतोय."

आता हे भाईरच्या माणसाला कळायचं न्हाय. आमच्याकडं डबा उघडला की आधी आजूबाजूला बघायचं आणि "या जेवायला" म्हणायचं. समोर वळखीचा असू दे, न्हाय तर एसटीत शेजारी बसलेला कोणबी असू दे. त्यो "चालू द्या" म्हणतोय, मग आपण घास मोडायचा. न इचारता खाल्लं तर घास उतरत न्हाय, आणि उतरला तर त्यो माणूस आमच्यातला न्हवं. आमच्या आईनं हे हाताला मारून शिकवलंय. मला कमी, पिराजीला जास्त, कारण त्यो लाजायचा आणि न इचारता तोंड फिरवून खायाय बघायचा.

मी फोनवर वराडलो, "येडा हाईस का? काच वर हाय न्हवं? खा की गुमान!"

"काच हाय दादा, पडदा न्हाय."

पुढल्या तारखेला त्येनं दार उघडलं. हे मला त्येनं नंतर सांगितलं, तेबी एकेक शब्द वढून काढाय लागला. दुपारचा एक वाजला हुता. हीटरसाठी इंजिन चालू हुतं, त्येच्यानं बॉनेट गरम हुतं. त्येनं त्यावर पेपर पसरला, भाकऱ्या ठेवल्या. हितनं आम्ही धाडलेलं जोंधळ्याचं पीठ, अनुजाच्या हातची कांदा-लसणाची चटणी. भाकरी त्येची त्येनंच थापलेली, म्हंजे जाड आणि कडंला करपलेली. आणि बाईकडं बघून म्हणाला, "या की आक्का, जेवायला." मराठीत. त्येला त्यांच्या भाषेतलं 'डावीकडं', 'उजवीकडं' आणि 'थांबा' एवढंच येत हुतं.

बाईनं आधी मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय का म्हणून. मग आली. भाकरी दोन्ही हातांत धरून उभी ऱ्हायली. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तिच्या, तरी सोडली न्हाय. बोलणं काय झालं न्हाय. धा मिनटं. मग ती परत आपल्या जागेवर जाऊन उभी ऱ्हायली, आणि ह्यो गाडीत बसला. वहीत त्येनं लिहिलं, 'एक ते एक दहा, जेवण.' लपवलं न्हाय, हे ध्यानात घ्या.

बाकीच्या देशांची माणसं दारापाशी हुती, त्यांच्या मागं फोटोवाले हुते. त्यातल्या एकानं मान वळवली.

फोटो मला आकारामनं दाखवला, मोबाईलवर. गाडी, गाडीची एम्बसीची नंबरप्लेट, बॉनेटवर भाकऱ्या, एका बाजूला शाल गुंडाळलेली म्हातारी आणि दुसऱ्या बाजूला कानटोपीतला आमचा पिराजी. खाली इंग्लिशमधी लिहिलेलं. कॉलेजला जाणाऱ्या एका पोरीकडनं वाचून घेतलं. 'भारत बोलला नाही, पण त्यानं जेवायला वाढलं.' असलं कायतरी हुतं.

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. मी अर्धा किलो पेढं आणलं आणि आख्ख्या गल्लीत वाटलं. "भाकरी कुठं पोचली बघा आमची! जगात भारी!" अनुजाला दिला तर तिनं पेढा हातात घेतला आणि फोटो बघत ऱ्हायली. म्हणाली, "भावजी, ह्यांनी स्वेटर घातलेला न्हाय." आणि मग, "हे बरं झालं न्हाय."

मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"त्यांस्नी काच खाली करू नको म्हणून सांगितलेलं. ह्यांनी दार उघडलंय."

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फोन आला. बाईचा आवाज, पुस्तकातली मराठी. ह्या मॅडम तिथल्या एम्बसीत साहेब हुत्या, आपल्याकडच्याच. खरं नाव लिहीत न्हाय, अवनी मॅडम म्हणूया.

"बाळासाहेब बोलताय का? पिराजींचे मोठे भाऊ?"

मला कोण बाळासाहेब म्हणत न्हाय. मी उठून उभाच ऱ्हायलो. "व्हय मॅडम, बोला की."

मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. तिथल्या सरकारनं आपल्या राजदूताला बोलावून घेतलेलं. भारतानं उघड उघड देशद्रोह्याच्या घरच्यांची बाजू घेतली म्हणून लेखी खुलासा मागितला. सोमवारपातूर द्यायचा. दिल्लीनं त्येचा मसुदा केला हुता. त्यात लिहिलेलं, की सदर बाई कोण आहे हे ड्रायव्हरला माहीत नव्हतं, ती उपाशी होती, तिनं खायला मागितलं, आणि त्यानं दया येऊन दिलं. खाली पिराजीची सही.

"एवढी सही झाली की विषय संपेल. त्यांची नोकरीही राहील. पण ते करत नाहीयेत. चार माणसांनी समजावलं. ते नुसते मान हलवतात. तुमचं ऐकतील म्हणाले सगळे."

मी म्हटलं, "मॅडम, तुमी काळजीच करू नका. माझ्या शब्दाभाईर त्यो जन्मात गेलेला न्हाय."

फोन ठेवल्याबरोबर पिराजीला लावला. अनुजा दुकानाच्या पायरीवर येऊन उभी ऱ्हायली हुती, जेवण घेऊन आलती.

"पिराजी, सही कर."

"न्हाय दादा."

"का न्हाय? काय जातंय तुझं? कोण वाचतंय त्यो कागद?"

"मला म्हाईत न्हवतं ती कोण, हे लिव्हतो. खोटं हाय, पण लिव्हतो. माझी चूक झाली म्हणून लिव्हतो. पर ती मागाय आलती हे लिव्हणार न्हाय."

"अरं, एका वळीचा तर प्रश्न हाय!"

"ती मागाय आली न्हवती. मी बोलीवलं." त्येचा आवाज असा चढलेला मी कवा ऐकला न्हवता. "दादा, आपल्या घरात जेवून गेलेल्या माणसाला, भीक मागाय आलता म्हणून तू लिहून देशील? तू देशील का, तेवढं सांग. तू देत असशील तर मी आत्ता करतो सही."

आता हितं मी काय म्हणायचं? मी अख्खा जन्म ह्या पेठेत एकाच गोष्टीवर मान वर करून फिरलोय. आमच्या दारातनं कोण उपाशी गेलं न्हाय, आणि जेवलेल्याचं नाव आमी कवा काढलं न्हाय. त्येला मीच हे शिकवलं, आईनंतर. मी फोन कानाला लावून तसाच उभा. सीटकव्हरचा रेक्झिन हातात.

अनुजानं फोन माझ्या हातातनं घेतला. मला वाटलं, आता ही समजावंल, नवऱ्याची नोकरी हाय. ती म्हणाली, "ऐका. नोकरी गेली तर घरी या. पर भावजींस्नी असलं इचारत जाऊ नका. त्यांच्या तोंडातनं शब्द फुटंना झालाय, मला भ्या वाटतंय." आणि फोन परत माझ्याकडं दिला.

मी म्हटलं, "थांब. सही करू नकोस. मी बघतो."

काय बघणार, ते मला म्हाईत न्हवतं. पर मी बघतो म्हटलं की माणसं थांबत्यात, एवढी माझी पत हाय. मी खुर्ची वढली, ऑर्डरी लिहायची वही उघडली आणि एका पानावर लिहिलं. अर्धा दिवस गेला त्यात. दोन गिऱ्हाइकं परत धाडली. मी लिहिलेलं ते असं हुतं:

'साहेब, मी पिराजी. मी जेवाय बसलो हुतो. बाई समोर हुती. आमच्यात समोर माणूस असताना त्येला इचारल्याबिगर जेवत न्हाईत. मग त्यो कोणबी असू दे. त्या जागी तुमचा शिपाई असता तर त्येला इचारलं असतं, जज्जसाहेब असते तर त्यांस्नीबी इचारलं असतं. बाईनं मागितलं न्हाय. मी बोलीवलं. ती आली हा तिचा मोठेपणा. ह्यात दुसरं काय न्हाय. इचारलं नसतं तर मला जेवता आलं नसतं, आणि उपाशी माणसानं गाडी चालवू नये.'

शेवटचं वाक्य मला अजून आवडतंय. पानाचा फोटो काढून अवनी मॅडमना धाडला. म्हटलं, ह्येच्यावर सही करंल त्यो, दुसऱ्या कशावर न्हाय. मॅडमचा बराच वेळ काय निरोप आला न्हाय. मग तीन शब्द आले, 'दिल्लीला पाठवते, बाळासाहेब.'

तीन दिवस आमच्या घरात कोण नीट जेवलं न्हाय. मी गाड्यावर गेलो न्हाय, तर आकाराम सोता चहा घेऊन दुकानात आला. "काय रं, तोंड पडलंय? पेढं संपलं व्हय?"

"गप बस."

त्यो खरंच गप बसला. माझा चहा पिऊन हुईपातूर बसला, आणि कप घेऊन गेला. आकाराम गप बसला म्हंजे मला कळलं की सगळ्या पेठेला कळलंय.

रविवारी मॅडमचा फोन. दिल्लीनं मानलं हुतं. त्यांस्नीबी हे बरं पडलं, कारण रीत म्हटलं की कुणाची बाजू घेतली असं हुत न्हाय, त्यांचाबी मान ऱ्हातोय, आपलाबी. मॅडमनी पक्का कागद वाचून दाखवला. 'ही कृती संबंधित कर्मचाऱ्याच्या मूळ प्रदेशातील सामाजिक शिष्टाचाराचा भाग असून, तिला कोणताही अर्थ जोडण्यात येऊ नये.'

मी म्हटलं, "मॅडम, हे मी लिहिलेलं न्हाय."

"तुमचंच आहे हो. फक्त इस्त्री केली."

"बाईनं मागितलं, ते?"

"ते काढलं."

"बोलीवलं, ते?"

"तेही काढलं. बाईच काढली त्यातून. ती आता त्या कागदात नाहीच."

पिराजीनं सही केली. करायच्या आधी त्येनं मॅडमना एकच इचारलं, की अर्थ जोडू नये, हे वाक्य काढता येईल का. मॅडम म्हणाल्या, दिल्लीचे शब्द आहेत, मला हात लावता येत नाही. मग केली. मला फोनवर म्हणाला, "भीक न्हाय न्हवं त्यात. ऱ्हाऊ दे."

मी पेठेत सांगितलं की माझ्या वहीचं पान दिल्लीनं वाचलं आणि दोन देशांचं भांडण मिटलं. हे खरं हाय. कुणाला पटत न्हाय, पर खरं हाय. फक्त सांगताना पैल्यासारखा जोर येत न्हवता.

महिन्याभरानं पिराजी घरी आला. कुणी त्येला दोष दिला न्हाय, कुठल्या कागदावर शिक्षा न्हाय. करार संपत आलता, त्यो वाढवला न्हाय, झालं. गाडी धाडायचीबी त्यांनी बंद केली, असं त्येला दिल्लीत कळलं. एक सुटकेस आणि जोंधळ्याच्या पिठाची अर्धी पिशवी घेऊन त्यो सकाळी स्टँडवर उतरला. मी आणाय गेलतो. हार न्यायचा विचार हुता, अनुजानं नेऊ दिला न्हाय. मंडळाच्या पोरांनी सत्काराचं बोलणं काढलं, त्येला त्येनं हात जोडले. आठवडाभर झोपला. मग उचगावच्या एका डेअरीत दुधाच्या टँकरवर लागला.

मास्तरचा निकाल लागला तवा पिराजी गाडीवर गेलता. मी आकारामच्या टीव्हीवर बघितलं. सात वर्सं. मग दिल्लीतला प्रवक्ता आला आणि म्हणाला की निकालाची बातमी आम्ही पाहिली आहे, प्रत्येक देशाच्या न्यायप्रक्रियेचा भारत आदर करतो. पुढला प्रश्न क्रिकेटचा हुता. गाड्यावरची माणसं माझ्याकडं बघाय लागली. मी कायतरी बोलंन म्हणून थांबली हुती. मी चहाचा कप तसाच ठेवून उठलो.

घरी येऊन पिराजीला सांगितलं. त्यो हातपाय धूत हुता. "सात," म्हणाला. मग मनातल्या मनात बेरीज केली असंल, म्हणाला, "आक्का अठ्ठ्याहत्तरची हुईल." आणि टॉवेल घेतला.

त्येच्यानंतर दोन आठवड्यांनी अवनी मॅडमचा फोन आला. दुकानातच. म्हणाल्या, "बाळासाहेब, मी पिराजींना फोन करणं बरं दिसणार नाही, म्हणून तुम्हाला करतेय. आणि खरं म्हणजे मी तुम्हालाही केलेला नाही."

"मग आत्ता हे कोण बोलतंय मॅडम?"

त्या थोड्या हसल्या. मग सांगितलं. मास्तरची भण एम्बसीच्या गेटवर आली हुती. हातात पेपरातनं कापलेला त्यो फोटो. गेटवरच्या शिपायाला पिराजीवर बोट ठेवून कायतरी इचारत हुती. शिपायाला कळंना, त्येनं मॅडमना बोलावलं. मॅडमना तिथली भाषा येत्या. तिला आत घेता येत न्हवतं, घेतलं तर त्योबी एक निर्णय झाला असता. तिच्या हातनं चिठ्ठीबी घेता येत न्हवती. मग मॅडम गेटच्या आतल्या बाजूला आणि ती भाईरच्या बाजूला, मधी गज.

"काय इचारत हुती?"

"माझ्यामुळे त्या माणसाला शिक्षा झाली का, एवढंच विचारत होती. सात वर्षांबद्दल एक शब्द नाही काढला तिनं."

"मग तुमी काय सांगितलं?"

"नाही म्हणून सांगितलं. त्यांना त्यांच्या गावाकडं पाठवलंय, आता मोठी गाडी दिली आहे चालवायला, असं सांगितलं. तिनं माझा हात धरला गजातून. आमच्या नोंदवहीत ती आलेलीच नाही, दादा. तेव्हा हे तुम्ही कुणाला सांगू नका."

मी कुणाला सांगितलं न्हाय. आठ महिने. माझ्यासारख्या माणसाला आठ महिने म्हंजे काय, हे आमच्या पेठेत कुणालाबी इचारा. आता मॅडम तिथनं दुसऱ्या देशात गेल्यात, म्हणून लिहितोय.

पिराजीला मात्र त्याच दिवशी सांगितलं. टँकर घेऊन त्यो दुकानापाशी थांबला हुता, सीटचा उसवलेला टाका घालून घ्यायला. मी सुई-दोरा घेऊन केबिनमधी चढलो आणि टाका घालता घालता सगळं सांगितलं. त्यो स्टेअरिंगवर हात ठेवून ऐकत हुता.

"मोठी गाडी म्हणून सांगितलं व्हय मॅडमनी?"

"व्हय. तेवढं खोटं बोलल्या."

पिराजीनं मागं टाकीकडं बघितलं. "खोटं कुठं? सा हजार लिटरची हाय."

मी दोरा तोडला. त्येनं गाडी चालू केली, आरशात बघितलं, आणि मागं उभ्या असलेल्या रिक्षाला केसभर न लावता टँकर गल्लीतनं भाईर काढला.